‘आधी गंज काढा, मग चाला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दादाचं सकाळचं चालणं अडीच महिन्यांपासून बंद आहे, हे मला गेल्या रविवारी कळलं. तेही वहिनींकडून, जेवणं झाल्यावर ताटं पुसताना, सहज बोलता बोलता. “अगं, हल्ली नाही जात ते. त्या कॅप्सूल चालू आहेत ना, तोवर चालायचं नाही म्हणे. चालण्याने गंज वाढतो.”

माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं. दादा चौपन्न वर्षांचा. सहा वर्षांपासून मधुमेह, पोट सुटलेलं, मेटफॉर्मिनच्या दिवसाला दोन गोळ्या. पण चार वर्षं त्याने एक गोष्ट नेमाने केली होती: पहाटे साडेपाचला उठून सांगलीच्या आमराईत चालायला जाणं. पावसाळ्यात छत्री घेऊन जायचा. त्या चालण्यावर त्याने तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी तपासणी) ६.८ टक्क्यांवर आणून ठेवली होती. परवा सोमवारी मी मागे लागून पुन्हा तपासायला लावली. ८.१ आली.

मी फार्मसीच्या पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री शिकवते. फ्री रॅडिकल, अँटिऑक्सिडंट, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे शब्द दर वर्षी फळ्यावर लिहिते. फ्री रॅडिकल म्हणजे चटकन कुणाशीही रिॲक्शन करणारे रेणू, अँटिऑक्सिडंट म्हणजे त्यांना आवरणारे पदार्थ, आणि रेणू आवरेनासे झाले की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. तेच शब्द वापरून कुणीतरी माझ्या भावाला घरी बसवलं, याचा मला अतोनात राग आला आहे. तो मेसेज त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तिथून बँकेतल्या ग्रुपवर गेला आणि आता माझ्या दोन विद्यार्थ्यांनी मलाच ‘मॅडम, हे खरं आहे का?’ म्हणून पाठवलाय. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते.

मेसेज लांबलचक आहे. त्याचं सार असं: लठ्ठपणा जास्त खाण्याने होत नाही, पेशींना चढलेल्या गंजाने होतो, या गंजाला विज्ञानात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. अँटिऑक्सिडंट घेतले की गंज जातो आणि चरबी आपोआप वितळते, हे उंदरांवर सिद्ध झालंय. व्यायामाने फ्री रॅडिकल वाढतात म्हणून पहिले ९० दिवस व्यायाम बंद. ९० दिवसांनी शुगरच्या गोळ्याही बंद. एका कॅप्सूलमध्ये चाळीस आवळ्यांची ताकद. सगळं नैसर्गिक, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर डबल डोस घ्यावा. आणि डॉक्टर हे सांगणार नाहीत, कारण त्यांचं दुकान बंद होईल. खाली कोर्स दिलाय: डब्यातली कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, जोडीला मेडिकलमध्ये मिळणारी व्हिटॅमिन सीची ५०० ची चघळायची गोळी दोन वेळा आणि रात्री व्हिटॅमिन ईची ४०० ची हिरवी कॅप्सूल.

मेसेजचा क्रम मी पाळणार नाही. ज्या मुद्द्याने दादाचं नुकसान झालं तो आधी घेते.

‘व्यायामाने फ्री रॅडिकल वाढतात, म्हणून ९० दिवस चालणं-पळणं बंद’

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. चालताना स्नायू जास्त ऑक्सिजन वापरतात आणि त्यात काही रेणू अर्धवट, चटकन कुणाशीही रिॲक्शन करणारे असे तयार होतात. पण त्यावरून ‘म्हणून चालू नका’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे तालमीत अंग दुखतं म्हणून पैलवानाला आखाड्यात उतरू न देण्यासारखं आहे. अंग रगडल्याशिवाय पैलवान तयार होत नाही आणि हा छोटासा धक्का बसल्याशिवाय स्नायू तयार होत नाहीत. तो धक्का हीच पेशीला मिळालेली सूचना असते: स्वतःचं संरक्षण वाढव. मग पेशी स्वतःची एन्झाइम जास्त बनवते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही त्यांतली दोन नावं. शरीराचे खरे अँटिऑक्सिडंट हे आहेत. व्हिटॅमिनची गोळी एकेका रेणूला एकदाच सामोरी जाते आणि खर्ची पडते, एन्झाइमचा एक रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करत राहतो.

हे माझं मत नाही. जर्मनीत येना इथल्या विद्यापीठात मिखाएल रिस्टोव्ह यांच्या गटाने नेमका हाच प्रश्न माणसांवर तपासला आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात निकाल छापला. ३९ निरोगी तरुण पुरुष. १९ जणांना व्यायामाची सवय नव्हती, २० जणांना होती. चार आठवडे सगळ्यांकडून व्यायाम करून घेतला. काहींना अँटिऑक्सिडंट दिले, काहींना नाही. आधी आणि नंतर प्रत्येकाच्या शरीरात इन्सुलिन किती प्रभावीपणे काम करतं ते मोजलं. मोजण्याची पद्धतही साधी रक्ततपासणी नव्हती. शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज सोडत, रक्तातली साखर एका जागी धरून ठेवत मोजायची जी सर्वांत काटेकोर पद्धत आहे, ती वापरली. स्नायूचे बारीक तुकडे काढून आतलं कामही पाहिलं.

निकाल असा: ज्यांनी नुसता व्यायाम केला, त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम सुधारला. ज्यांनी व्यायामासोबत अँटिऑक्सिडंट घेतले, त्यांच्यात ती सुधारणा झालीच नाही. सवय असलेल्यांत नाही आणि नसलेल्यांतही नाही. स्नायूंतली ती संरक्षक एन्झाइम वाढवणारी जनुकंही गोळ्या घेणाऱ्यांत जागी झाली नाहीत.

आणि आता डोस पाहा. त्या प्रयोगात दिवसाला व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन ई ४०० युनिट दिलं होतं. मेसेजमधला कोर्स काय? सी ५०० दोन वेळा, ई ४०० एकदा. तंतोतंत तेच. व्यायामाचा फायदा बुजवणारं जे प्रमाण सापडलं, तेच प्रमाण हा मेसेज लोकांना घ्यायला सांगतो आहे, आणि वर व्यायामही बंद करायला लावतो आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हा प्रयोग लहान होता, आणि सगळीकडे असंच दिसलेलं नाही. डेन्मार्कमध्ये २०११ साली बारा आठवडे केलेल्या अशाच प्रयोगात व्हिटॅमिन घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची सुधारणा सारखीच आली. नॉर्वेत २०१४ मध्ये ५४ जणांवर ११ आठवडे पाहिलं, तेव्हा गोळ्यांमुळे स्नायूंतल्या काही बदलांना खीळ बसलेली दिसली. म्हणजे गोळ्या प्रत्येक वेळी व्यायामाचं वाटोळंच करतात असं मी म्हणणार नाही. पण ‘आधी गोळ्या, चालणं नंतर’ असं सांगायला यातला एकही निकाल आधार देत नाही.

दादासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती मी त्याला त्याच रात्री वहीवर चित्र काढून सांगितली. मधुमेहात इन्सुलिन दार वाजवतं आणि पेशी दार उघडत नाही, असं आपण सोपं करून सांगतो. पण स्नायू आकुंचन पावला की साखर आत घ्यायचा दुसरा रस्ता उघडतो, त्याला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. मधुमेही माणसाचाही तो रस्ता शाबूत असतो. दादा आमराईत फेऱ्या मारत होता, तेव्हा रोज सकाळी तो हा रस्ता वापरत होता. अडीच महिने तो बंद ठेवला. ८.१ मागचं हे एक कारण.

तो म्हणाला, “अगं, पण कॅप्सूल विकणाऱ्यांनी प्रयोग करून दाखवला होता.”

बेटाडीनचा प्रयोग

एका हॉलमध्ये पन्नासेक माणसं बसवून, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात जखमेवर लावायचं बेटाडीन टाकलं. पाणी तपकिरी झालं. ‘हा तुमच्या शरीरातला गंज.’ मग एक कॅप्सूल उघडून त्यातली पावडर टाकली, चमच्याने ढवळलं, आणि पाणी नितळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने त्या दिवशी तीन डबे घेतले.

मी दादाच्या ओट्यावर तोच प्रयोग केला. ग्लासात पाणी, बेटाडीनचे चार थेंब, वर अर्धं लिंबू पिळलं. दोन-तीनदा ढवळल्यावर पाणी नितळ. वहिनी बघत राहिल्या. बेटाडीनमधलं आयोडीन रंगीत असतं. व्हिटॅमिन सी त्याचं आयोडाइड करतं, त्याला रंग नसतो. एवढंच घडतं. आमच्या लॅबमध्ये मुलं याच रिॲक्शनवर लिंबात किती व्हिटॅमिन सी आहे ते मोजतात. यातून एकच गोष्ट सिद्ध होते, की कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन सी आहे. लठ्ठपणा, साखर, पेशी यांच्याशी त्या ग्लासाचा काडीचाही संबंध नाही. ग्लासात यकृत नसतं, चरबी नसते, आणि माणसाच्या अंगात बेटाडीन नसतं.

‘लठ्ठपणाचं मूळ कारण खाणं नाही, गंज आहे’

इथे अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. लठ्ठ माणसांच्या शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त असतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात २००३ साली २,८२८ जणांच्या लघवीतला त्याचा एक पुरावा मोजला, तर वजनाच्या प्रमाणात तोही चढता निघाला. मेसेज लिहिणाऱ्याने हे हवेतून आणलेलं नाही.

पण आधी काय आणि नंतर काय? गरजेपेक्षा जास्त खाणं चालू राहिलं की चरबीच्या पेशी फुगत जातात. फुगलेल्या पेशींना पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही, तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, दाह सुरू होतो, आणि या सगळ्यातून फ्री रॅडिकल तयार होतात. पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियावरही इंधनाचा लोंढा येतो. म्हणजे हा ताण बराचसा लठ्ठपणातून येतो. तो पुढे इन्सुलिनच्या कामात अडथळा आणून दुखणं वाढवतो, हेही खरं. पण वरून येणारं खाणं तसंच ठेवून खाली फक्त रेणू टिपत बसायचं, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

“मी काय फार खातो का?” हे दादाचं नेहमीचं म्हणणं. मेसेजने बरोबर तिथेच बोट ठेवलंय: तुम्ही कमी खाता तरी जाड, म्हणजे गंजच. याचं उत्तर पुण्यातच मिळतं. इथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली शरीरं त्याच वजनात जास्त चरबी साठवतात आणि तिचा मोठा वाटा पोटात जातो. त्यामुळे दुसऱ्याला पचून जाणारं खाणंही आपल्याला जड पडतं. म्हणून तर आपल्यासाठी चालणं जास्त गरजेचं.

‘उंदरांवर सिद्ध झालंय’

कुठल्या उंदरांवर? प्रयोगशाळेत उंदीर जाड करायचे असले की त्यांना असं खाद्य देतात ज्यात ६० टक्के उष्मांक चरबीतून येतात, आणि ती चरबी बहुतेक डुकराची असते. अशा उंदरांना किंवा जन्मतःच लठ्ठ होणाऱ्या जातीच्या उंदरांना काही अँटिऑक्सिडंट दिल्यावर साखर सुधारली, असे निकाल आहेत. २००६ मध्ये ‘नेचर’मध्येही तसा एक शोधनिबंध आला. हेही नाकारत नाही.

पण उंदरांचीच साक्ष काढायची तर पुरती काढा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या शरीरात ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे अँटिऑक्सिडंट एन्झाइम मुद्दाम वाढवलं होतं. मेसेजच्या हिशोबाने हे उंदीर काटक निघायला हवेत. २००४ मध्ये छापलेला निकाल उलटा आहे: ते जाड झाले आणि त्यांच्यात इन्सुलिन नीट चालेना. मग २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठातल्या गटाने तेच एन्झाइम नसलेले उंदीर घेतले, त्यांना भरपूर चरबीचं खाद्य घातलं. हे उंदीर इन्सुलिनच्या बिघाडापासून वाचले. आणि त्यांना अँटिऑक्सिडंट दिल्यावर? ते संरक्षण गेलं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मलाही दोनदा वाचावं लागलं. कारण मात्र सुंदर आहे. इन्सुलिन पेशीपाशी पोचलं की पेशी स्वतःच थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. इन्सुलिनचा निरोप पुसून टाकणारं एक एन्झाइम पेशीत असतं, त्याला हे पेरॉक्साइड काही वेळ गप्प बसवतं, आणि निरोप आत पोचतो. म्हणजे ज्याला मेसेज सरसकट ‘गंज’ म्हणतो, त्यातला काही भाग पेशीचं बोलणं आहे. प्रमाणाबाहेर वाढलं की ते घातक ठरतं, आणि मुळापासून पुसलं तरी काम अडतं.

‘एका कॅप्सूलमध्ये चाळीस आवळे’

असे आकडे बहुधा परीक्षानळीत अँटिऑक्सिडंटची ताकद मोजणाऱ्या एका चाचणीवरून काढतात, तिला ओआरएसी म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा तक्ता एके काळी ठेवला होता. २०१२ मध्ये त्यांनी तो स्वतःहून काढून टाकला, कारण या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दिसत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या. आणि आवळ्यातलं व्हिटॅमिन सी हवंच असेल तर आपल्याकडे प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम धरतात. एक मध्यम पेरू त्याच्या दुपटीहून जास्त देतो.

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य’

हा मुद्दा मला परत थांबवतो, कारण ‘बिडी-सिगारेटवाल्यांनी डबल डोस’ हे वाक्य इथे आहे.

फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. सगळे सिगारेट ओढणारे, ५० ते ६९ वयाचे. गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी डॉक्टरांची प्रामाणिक आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त, मृत्यू ८ टक्के जास्त. अमेरिकेत तसाच प्रयोग चालू होता, १८,३१४ लोकांवर, सिगारेट ओढणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले. त्यांना बीटा कॅरोटीनसोबत व्हिटॅमिन एही देत होते. तो १९९६ च्या जानेवारीत ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. कर्करोग २८ टक्के जास्त, मृत्यू १७ टक्के जास्त. दादाच्या डब्यावरच्या यादीत बीटा कॅरोटीन तिसऱ्या क्रमांकावर आहे. दादा ओढत नाही. पण त्या हॉलमध्ये बसलेल्या पन्नास जणांत ओढणारे किती असतील, आणि त्यांतल्या किती जणांनी डबल डोस सुरू केला असेल?

याच यादीत सेलेनियम आहे. ‘शुगर पेशंटसाठी वरदान’ असं डब्यासोबतच्या पत्रकात लिहिलंय. अमेरिकेत मधुमेह नसलेल्या १,२०२ लोकांना रोज सेलेनियम किंवा नुसती बिनऔषधाची गोळी देऊन सरासरी पावणेआठ वर्षं पाहिलं. २००७ मध्ये छापलेल्या निकालात सेलेनियम घेणाऱ्यांतल्या ५८ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांतल्या ३९ जणांना. पुढच्या एका मोठ्या प्रयोगात ही वाढ इतकी ठळक दिसली नाही, पण वरदान त्यातही दिसलं नाही.

हळदीबद्दल कुणी काही बोललं की आपल्याला लागतं, मलाही लागतं. म्हणून नीट सांगते. घरच्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला रंग देणारा घटक, साधारण ३ टक्के असतं. भाजीत चमचाभर हळद, आजारपणात हळदीचं दूध, याला माझी काही हरकत नाही. डब्यातला अर्क ९५ टक्क्यांचा आहे, आणि त्यात मिरीतलं पायपरीन घातलंय. ते का घालतात? बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की पायपरीनमुळे माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीसपट चढतं. म्हणजे ही भाजीतली हळद राहिलेली नाही, ते औषधासारखं काम करणारं रसायन झालंय. अशा हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेत २०२२ मध्ये छापली गेली, त्यातला एक दगावला. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय, की त्यातला मुख्य घटक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर रक्तात यकृताची एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण. दादाच्या डब्यात ग्रीन टीचा अर्क आहे, पण त्यातला तो घटक किती मिलिग्रॅम, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आणि एकूण हिशोब विचारायचा तर कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये ७८ प्रयोग एकत्र केले, २,९६,७०७ माणसं. बीटा कॅरोटीन, ए, सी, ई, सेलेनियम घेतल्याने आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत मृत्यू थोडे जास्तच दिसले.

मोबाइलचा टॉर्च मारून मी डब्याची मागची बाजू वाचली. बारकोडच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘औषधी वापरासाठी नाही.’ कायद्यानेच ते लिहावं लागतं. डब्यावर कायद्यापुरतं खरं लिहायचं आणि हॉलमध्ये माइकवरून ‘शुगर जाईल’ सांगायचं, हे करणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही.

‘९० दिवसांनी शुगरच्या गोळ्या बंद’

दादाने ९० दिवसही थांबायची तसदी घेतली नव्हती. संध्याकाळची मेटफॉर्मिन त्याने महिन्यापूर्वीच बंद केली होती, कुणाला न सांगता. का, तर ‘बरं वाटतंय.’ साखर १७० च्या आसपास असताना बरंच वाटतं. दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यांच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होत असतो तेव्हाही बरंच वाटत असतं.

ही गोळी कशाशी तोलायची ते सांगते. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने केलेला प्रयोग २००६ मध्ये छापला गेला. खाण्यात बदल आणि रोजचं चालणं यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. आपलीच माणसं, आपलंच भात-पोळीचं खाणं. दादाला मधुमेह आधीच झालाय, त्यामुळे त्याला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण चालणं आणि मेटफॉर्मिन या दोन गोष्टींच्या मागे अशी मोजमापं उभी आहेत, आणि मेसेजने नेमक्या त्याच दोन गोष्टी बंद करायला सांगितल्या.

‘डॉक्टर सांगणार नाहीत’

सांगतात. फॅटी लिव्हरच्या एका प्रकारात व्हिटॅमिन ई उपयोगी पडतं, हे डॉक्टरांनीच शोधून छापलंय. मधुमेह नसलेले २४७ रुग्ण, यकृताचा तुकडा काढून निदान पक्कं केलेलं, त्यांतल्या एका गटाला दिवसाला ८०० युनिट ई, ९६ आठवडे. ई घेणाऱ्यांत ४३ टक्के सुधारले, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. २०१० सालची गोष्ट. मेसेजवाल्यांना अँटिऑक्सिडंटची खरी बाजू मांडायची असती तर त्यांनी हे सांगितलं असतं. पण त्यात निदान आहे, देखरेख आहे, मधुमेह नसण्याची अट आहे. असलं काही सांगून हॉलमध्ये डबे खपत नाहीत. मेटफॉर्मिनची महिन्याची गोळी दादाला शंभर-दीडशे रुपयांत मिळते. या कोर्सला महिन्याला साडेतीन हजार गेले. दुकान कुणाचं चाललंय ते यावरून दिसतं.

मंगळवारी दादा पुन्हा आमराईत गेला. दोन फेऱ्यांत दमला म्हणाला, आधी पाच मारायचा. मी म्हटलं, “दादा, आज दोन पुरे.” संध्याकाळची गोळी वहिनींनी परत सुरू केली आहे, जेवणाच्या ताटातच ठेवतात. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिन्ही डबे, त्यातला एक अजून न फोडलेला, आणि हिरव्या कॅप्सूलची पाकिटं मी पिशवीत भरून दाराशी ठेवली आहेत. नेमकं काय पोटात गेलंय ते डॉक्टरांना वाचता यावं म्हणून. यकृताची तपासणीही त्याच दिवशी करून घेणार आहोत.

त्या हॉलमधल्या कुणी हे वाचत असेल, तर चालणं आणि बंद केलेली शुगरची गोळी आजच सुरू करा. आणि डॉक्टरांकडे जाताना डबा सोबत न्या.